वहीची मागची पानं

पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या जनता वसाहतीत मी आशा, म्हणजे घरोघर जाणारी आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. 2020 च्या मार्चपर्यंत माझी वही पुढून भरत जायची. कुणाला कितवा महिना, कुणाचं नाव अजून दवाखान्यात घातलेलं नाही, कुठल्या बाळाचा गोवरचा डोस राहिलाय. दारात गेलं की "आशाताई, बसा, चहा टाकते" हे ठरलेलं. 9 मार्चला कोरोनाचे राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले, नायडू हॉस्पिटलचं नाव घराघरांत पोचलं आणि थोड्याच दिवसांत मी तीच वही उलटी करून मागच्या बाजूनं लिहायला लागले. ताप, खोकला, बाहेरून कोण आलं, घरात माणसं किती.

त्या दिवसांत मला सगळ्यात जड गेली ती बंद दारं. आतून भांड्यांचा आवाज येतोय, मी हाक मारतेय आणि कुणी कडी काढत नाही. त्यांना वाटायचं, ताप सांगितला की गाडी येणार आणि सगळं घर उचलून नेणार. ती भीती खोटी नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं, संडास सगळ्या गल्लीला मिळून. तिथं आजारी माणसानं वेगळं राहायचं ते कुठं? मी नाव लिहिलेलं एक कुटुंब खरंच विलगीकरणात गेलं. दोघांचीही हातावरची कामं बुडाली. "हिनंच नाव दिलं" असं गल्लीत झालं. त्या बाईच्या दोन्ही बाळंतपणांना मी रात्री सोबत गेले होते. घरी येऊन मी खूप रडले. तेव्हा आमच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, आम्ही फक्त माणसं मोजत होतो. नुसतं मोजायला माणूस पाठवू नये, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि घरोघर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, घेऊन जायचं ठरलं. त्या चिमट्यानं माझं काम बदललं. लोकांना लगेच दिसणारा एक आकडा मिळाला. नेलपॉलिश असेल तर बोट बदलायचं, हात गार असतील तर चोळून परत लावायचं, आकडा स्थिर होईपर्यंत घाई करायची नाही, हे मी हळूहळू हातात बसवलं. 95 च्या खाली आलं की डॉक्टरांना कळवायचं. आकडा बरा दिसला तरी ज्याला त्रास वाटतोय त्याला सहा मिनिटं चालवून परत बघायचं. वसाहतीत सहा मिनिटं सरळ चालायला जागा कुठली? घरातल्या घरात, खाटेपासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालायला लावायचे.

एक रिक्षावाले काका, बसल्या जागी 96. "मला काय धाड भरलीय" म्हणत होते. मी म्हटलं, काका, माझ्यासाठी चाला. परत लावला तर 90. 108 ला फोन केला आणि गाडी खाली रस्त्यावर येईपर्यंत त्यांच्या पायऱ्यांवर बसून राहिले. बारा दिवसांनी ते घरी आले. त्यानंतर त्या गल्लीतल्या बायका स्वतः हाक मारायला लागल्या, "ताई, आमचंपण बघा."

लसीच्या वेळी अडचणी निराळ्या. मोबाइल नवऱ्याकडे, नवरा कामावर, ओटीपी त्याच्याकडे जाणार. मी दुपारी फोन करून त्यांच्याकडून आकडे विचारून घ्यायचे. 2021 च्या मे महिन्यात कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं, तेव्हा "लस संपली म्हणून सांगताय" असं तोंडावर ऐकलं. शांतपणे परत समजावत राहिले, कारण एकदा चिडले असते तर दुसऱ्या डोसला कुणी आलंच नसतं.

त्याच जूनमध्ये राज्यभर आशांचा संप झाला. संपावर जाताना जीव तुटत होता, तरी तो योग्यच होता. आम्हाला पगार नव्हता, बराचसा मोबदला कामागणिक मिळायचा, आणि साथीचं काम तर दिवस-रात्र चाललं होतं. सरकारनं महिन्याला 1000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य केला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला, तेव्हा सासूबाईंनी शेजारी पेढे वाटले.

साथ ओसरल्यावर मी वही पुन्हा पुढून उघडली आणि पोटात गोळा आला. 2020 च्या पानांवर कितीतरी बाळांपुढचे रकाने कोरे. बंद दारांमागं ती बाळंही होती. 2022 च्या अखेरीस राज्यात गोवरानं डोकं वर काढलं, तेव्हा त्या कोऱ्या रकान्यांवरूनच मी यादी केली. काही कुटुंबं गावी निघून गेलेली, काहींचे फोन नंबर बदललेले. उरलेल्यांच्या पायऱ्या रोज दुपारी चढत होते. मला ओळखत नसलेली, दोन-अडीच वर्षांची पोरं आईच्या पदराआड लपायची.