टंग वेटची डायरी: आधी धुरजड, मग उलाळ, शेवटी काट्यावर

मागच्या नोंदीत डॅलसला ट्रेलर घरी आणल्याचं लिहिलं होतं. तेव्हा कॅटलॉगातला टंग वेटचा (ट्रेलरचं पुढचं टोक पिकअपवर टाकतं त्या भाराचा) आकडा, 560 पौंड, मी छातीठोकपणे सांगितला होता. तो मागे घेतो. तो आकडा रिकाम्या ट्रेलरचा. त्यात गॅसच्या दोन टाक्या नाहीत, बॅटरी नाही, पाणी नाही, आणि पुढच्या कप्प्यात बायकोने भरलेले तांदूळ, कणीक, कुकर नि मिक्सर तर नाहीतच.

मग घरच्या वजनकाट्यावर मोजलं. ट्रेलरचा जॅक बाथरूममधल्या काट्यावर थेट टेकवला तर काटा मोडेल, म्हणून जाड लाकडी तुळई घेतली. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मधे तीन फूट. कपलरचा (पिकअपच्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाचा) भार विटेपासून एक फुटावर टेकवला की काट्यावर त्याचा फक्त तिसरा हिस्सा येतो. काटा 280 म्हणाला, म्हणजे 840 पौंड.

पिकअपच्या रिसीव्हरवरचं (हिच, म्हणजे ट्रेलरची जोडणी, अडकवायच्या मागच्या नळीवरचं) लेबल वाचलं: टंग 500, ट्रेलर 5,000. माझं धाबं दणाणलं. पाण्याची टाकी रिकामी केली, पुढचं सगळं सामान मागच्या पलंगाखाली कोंबलं. पुन्हा काटा लावला: 180 गुणिले तीन, 540. जवळपास जमलं म्हणून खूश.

ही दुसरी चूक, आणि हीच महागात पडली असती. आय-35 वर ताशी 60 मैलांवर एक अठरा चाकी शेजारून गेला आणि मागून ट्रेलर शेपटी हलवायला लागला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, दर फेरीला थोडा जास्त. ब्रेकला पाय न लावता ॲक्सिलरेटर सोडला, ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरवरून हाताने दाबले, तेव्हा कुठे शांत झाला. बैलगाडी हाकणारे अशा गाडीला उलाळ म्हणतात: भार मागे, जू वर उचलायला बघतं. त्याच्या उलट, भार पुढे असला की धुरजड. माझ्यासारख्या, मागच्या बॉलला जोडून ओढायच्या साध्या बंपर-पुल ट्रेलरला एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर हवा. माझा 9 वर आला होता. कमी म्हणजे सुरक्षित, हे माझ्या डोक्यातलं गणितच उलटं होतं.

घरी येऊन लेबल पुन्हा वाचलं, या वेळी चष्मा लावून. त्यावर दोन रांगा आहेत! 500 आणि 5,000 हे साध्या बॉल माउंटसाठी. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (स्प्रिंग बारांनी टंगचा थोडा भार पिकअपच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणारी) लावली तर त्याच रिसीव्हरला 1,100 आणि 11,000. विक्रेत्याने साधा बॉल माउंट लावून हसत निरोप दिला होता, आणि मीही काही विचारलं नव्हतं.

नवी हिच बसवली, सामान पुन्हा पुढे आणलं, टाकी भरली, सगळ्यांना गाडीत बसवलं आणि ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा, गाठला. इथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. त्याच दिवशी पुन्हा मोजायला कमी पैसे पडतात, म्हणून तीनदा लावली (सगळं पौंडांत):

फक्त पिकअप: पुढे 3,260, मागे 2,840.
ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार न लावता: 2,900, 4,060, ट्रेलर 5,280.
बार लावून: 3,100, 3,740, ट्रेलर 5,400.

पिकअपचे दोन्ही ॲक्सल 6,100 वरून 6,960 वर गेले, म्हणजे टंग वेट 860. ट्रेलर एकूण 5,280 अधिक 860, 6,140, म्हणजे बरोबर 14 टक्के. पुढच्या चाकांवरून 360 पौंड उडाले होते. स्टिअरिंग आणि ब्रेक त्याच चाकांच्या जिवावर, त्यामुळे मला मागचं बूड बसण्यापेक्षा हे जास्त खुपलं. बारांनी त्यातले 200 परत आणले. माझ्या मॅन्युअलला निम्मे हवेत, तेवढे झाले.

आता खरी मेख. रिसीव्हरला अजून 240 पौंडांची जागा आहे, पण पिकअपच्या दारावरच्या स्टिकरनुसार पेलोड, म्हणजे पिकअपवर लादता येणारं वजन, 1,480. माणसं, हिचचं धूड आणि कूलर मिळून 580 गेले, टंगचे 860. उरले 40. बार लावल्याने काट्यावर आकडा उतरलेला दिसतो, पण मी त्यावर उड्या मारत नाही, बार सुटला तर भार तिथेच येणार आहे.

त्यामुळे पाणी रिकामंच ठेवून निघायचं ठरवलं. टाकी 30 गॅलनची, गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे 250. ती ॲक्सलच्या पाच फूट पुढे आहे, ॲक्सल ते बॉल अंतर सोळा फुटांच्या वर, म्हणून टंगवर त्यातले साधारण 75 येतात. हिशेबाने 785 व्हायला हवेत, 13 टक्क्यांच्या आसपास. पालो ड्युरो कॅन्यनला निघण्याआधी एकदा रिकाम्या टाकीने काटा लावतो. मुलाची सायकल या खेपेला घरीच राहील. त्याला अजून सांगितलेलं नाही.