रूळ उचलल्यानंतर

आज दिवसभर एकच गोष्ट मनात घोळते आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर चालण्याचा आणि सायकलचा रस्ता करायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती डांबर की कच (क्रशरमधला दगडाचा बारीक चुरा), बाकडी कुठे, झाडं कुठली यावर. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. आणि असे रस्ते बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यापायीच.

रेल्वेने आपलं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून चढ बेताचा ठेवावा लागतो. १०० मीटरला १ मीटर चढला तरी आगगाडीला तो जाणवतो. सायकलवरच्या माणसाला मात्र तो चढ वाटतच नाही, आणि चाकाच्या खुर्चीलाही तो झेपतो. डोंगर फोडून, दरीत भराव टाकून मिळवलेली ही सपाटी आज नव्याने करायची म्हटली तर खर्चच परवडणार नाही. पण सपाटीची दुसरी बाजूही आहे: इतक्या कमी उतारावर पाणी पुढे वाहून जात नाही, जागच्या जागी मुरतं. म्हणून ते बाजूलाच काढून द्यावं लागतं.

गाड्या चालू असताना हे काम गँगमन करायचे. मोऱ्यांची (रुळांखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या लहान पुलांची) तोंडं मोकळी ठेवणं, कटिंगमधल्या, म्हणजे डोंगर फोडून केलेल्या वाटेतल्या, गटारातला पाला काढणं, भरावात जनावरांनी केलेली बिळं बुजवणं. मार्ग बंद पडला की हे हात थांबतात. वीस-तीस वर्षांत मोरी गाळाने भरते, तिच्या तोंडाशी झुडपं उगवतात आणि वरून पाहणाऱ्याला इथे मोरी होती याचा पत्ताही लागत नाही. म्हणून रूळ उचलण्याआधी, किलोमीटरचे दगड जागेवर असतानाच, पूर्ण मार्ग चालून प्रत्येक मोरीची नोंद करून ठेवावी: दगडापासूनचं अंतर, रुंदी, किती भरली आहे, कुठल्या बाजूला पाणी येतं. एकदा का दगड हलले की ही माहिती परत मिळत नाही.

मग रूळ आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, निघतात. स्लीपर काढल्यावर गिट्टीत (रुळांखालच्या मोठ्या खडीत) प्रत्येकाच्या जागी खाच उरते, दर ६०–६५ सेंटिमीटरला एक. घाईत त्यावरच वरचा थर पसरला तर पहिल्या पावसाळ्यातच त्या खाचा वर उमटतात, रस्त्याला लाटा येतात आणि सायकलवर हात बधिर होतात. गिट्टी ग्रेडरने मोडून, सारखी करून, रोलरने दाबूनच पुढे जायचं. दुसरी चूक म्हणजे मोकळ्या गिट्टीवर थेट बारीक कच टाकणं. ५० मिलिमीटरच्या दगडांमधल्या पोकळीत ती कच पाण्याबरोबर उतरत जाते आणि वरती खड्डे पडतात. मधे २० मिलिमीटरच्या आसपासच्या खडीचा थर द्यावा, किंवा जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण कच अडवणारं) अंथरावं. गिट्टी स्वतः मात्र काढून विकू नये. ती पाणी खाली जाऊ देते, तेच तिचं खरं काम.

लाकडी जुन्या स्लीपरांना क्रिओसोट, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं विषारी तेल, पाजलेलं असतं. त्यांची बाकडी करू नयेत, मुलांच्या खेळाच्या जागेला कडा म्हणून लावू नयेत, जाळू तर मुळीच नयेत. रुळांवर वर्षानुवर्षं तणनाशकं फवारलेली असतात, काही जुन्यांत आर्सेनिक असायचं. मातीची तपासणी आधीच करून घ्यावी.

वरच्या थराला नुसती भुकटी चालत नाही, आणि नदीची गोल वाळूही नाही. गोल दाणे एकमेकांत अडकत नाहीत. क्रशरमधली साधारण ६ मिलिमीटरपासून भुकटीपर्यंतची, कोनदार दाण्यांची मिश्र कच हवी. ३ मीटर रुंद आणि दाबून १० सेंटिमीटर जाड थर धरला तर किलोमीटरला ३०० घनमीटर लागते. सैल माल त्याहून पाव भाग तरी जास्त मागवावा. ५-५ सेंटिमीटरचे दोन थर, प्रत्येक थर ओलावून दाबायचा. ओल किती? मूठभर कच घट्ट आवळावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून पाणी निथळलं नाही, की रोलर फिरवायला हरकत नाही. कोरडी दाबली तर उन्हाळ्यात धूळ उडते, फार ओली दाबली तर रोलरला चिकटून वर येते.

बाजूचा उतार २ टक्के ठेवावा. एकाच बाजूला पाणी काढलं तर ३ मीटरला ६ सेंटिमीटर, मधे उंचवटा ठेवला तर दोन्हीकडे ३-३. दिसायला काहीच नाही, पण रस्ता तगतो तो यावरच. दोन-तीन वर्षांत काठाला गवत, पाला आणि धूळ साठून वरंबा तयार होतो. पाणी त्याच्या आत अडतं आणि कडेने घळ पडत जाते. तो वरंबा वर्षातून एकदा फावड्याने उतरवून टाकणं, हे माझ्या मते नव्या डांबरापेक्षा मोलाचं काम आहे.

पुलांवर फळ्या चाकाच्या दिशेला आडव्याच ठोकाव्यात. लांबीच्या दिशेने ठोकल्या तर सायकलचा टायर फटीत जातो. जिथे रूळ अजून रस्त्यात गाडलेले आहेत, तिथे सायकल काटकोनातच ओलांडेल असं वळण द्यावं. आणि वाहनं अडवण्यासाठी खांब लावायचे तर एक किंवा तीन, दोन कधीच नाही. दोन खांबांमुळे दोन्हीकडून येणारे सायकलस्वार मधल्या एकाच फटीकडे वळतात.

बोगद्यांत पाणी छतातून येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय–स्पार्टा मार्गावर (१९६७ पासून खुला, सुमारे ५२ किलोमीटर) तीन बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा, आत दिवे नाहीत, सतत ठिबकतं, म्हणून सायकलवरून उतरून हाती धरून चालायला सांगतात. इंग्लंडमध्ये बाथजवळचा कोम डाउन बोगदा १,६७२ मीटरचा. २०१३ साली तो दिवे लावून खुला झाला आणि लोक आतून सायकल चालवत जातात. मला दोन्ही पद्धती पटतात. दिव्यांचा खर्च नसेल तर उतरून चालायची पाटी प्रामाणिक आहे. अर्धवट दिवे मात्र नकोत, उजेडातून अंधारात शिरताना डोळे सरावायला वेळ लागतो आणि समोरचा माणूस दिसत नाही.

रस्ता तयार झाल्यावर पहिल्या जोरदार पावसात छत्री आणि खुंट्यांचं पोतं घेऊन पूर्ण मार्ग चालावा. जिथे जिथे पाणी साचलं असेल तिथे काठाला खुंटी ठोकावी. दुसऱ्या दिवशी डबकं आटून गेलेलं असतं, खुंटी तिथेच असते, आणि फावडं कुठे चालवायचं ते कळतं.