ड्रमर बंगल्यातलाच का असतो?

फर्ग्युसन रस्त्यावर फुटपाथला लागून काळे टी-शर्ट टांगलेले असतात. एका हँगरवर ब्लॅक सबॅथ हा ब्रिटिश रॉक बँड, शेजारी पिंक फ्लॉइड या दुसऱ्या बँडचा तो त्रिकोणी लोलक. भाव एकच, कापड एकच, आणि पहिल्या धुण्यात रंगही दोघांचा सारखाच जातो. ज्यांची नावं अशी छातीवर मिरवायची ती मंडळी मात्र एका आळीत कधीच राहिली नसती.

सबॅथचे चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टनमधले. कारखान्यांची वस्ती, आपल्याकडची भोसरी म्हणा. गायक ऑझी ऑस्बोर्न कत्तलखान्यात राबलेला, मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यातही. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि परत जायचा कंटाळा करायला लागला, तेव्हा आईने, धरलेलं काम पुरं करायचं असतं, म्हणून त्याला परत पाठवलं. त्या दुपारी मशीनखाली उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. भोसरी-चाकणकडे ‘प्रेसवर बोट गेलं’ हे वाक्य आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतं आणि कोणाचा चहा थांबत नाही. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. तारा दाबताना दुखू नये म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडल्या. १९७१च्या अल्बमात गिटार चक्क दीड स्वर खाली उतरली. ज्या जड, खोल आवाजावर पुढे हेवी मेटल हा रॉकचा दणदणीत प्रकार उभा राहिला, त्यात पत्र्याच्या कारखान्याचा वाटा असा अगदी बोटं मोजून दाखवता येतो.

फ्लॉइडवाल्यांचं प्रकरण वेगळं. वॉटर्स, मेसन आणि राइट लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकत होते. नंतर आलेल्या गिलमोरचे वडील केंब्रिजला प्राणिशास्त्राचे व्याख्याते. सरावाला जागा मिळाली ती शिकवणाऱ्या एका सरांच्याच घरी. त्याच १९७१ साली त्यांनी तेवीस मिनिटांचं एक गाणं केलं. तेवीस मिनिटं! मला ते आवडतं, पण ऐकताना दर वेळी वाटतं की हे गाणं करणाऱ्यांच्या घरी ‘अरे, पगार कधी आणणार?’ असं कोणी विचारत नसणार.

कोण श्रीमंत आणि कोण गरीब, एवढ्यावर मी थांबत नाही. माझं म्हणणं इतकंच की संगीताला दोन गोष्टी लागतात, आवाज करायला जागा आणि न कमावता काढायला काही वर्षं, आणि या दोन्ही घरातून येतात. सूर-तालाचं नंतर बघू.

बीटल्समध्येही हे दिसतं. ‘वर्किंग क्लास हीरो’ हे गाणं १९७०मध्ये लिहिणारा जॉन लेनन मिमी मावशीकडे वाढला, आणि त्या घराला ‘मेंडिप्स’ असं नाव होतं. आता घराला नाव म्हणजे काय हे पुणेकराला सांगायला नको. इथे बंगल्याला नाव असतं, फ्लॅटला नंबर. जॉर्ज हॅरिसन जन्मला त्या घराला नंबरच होता आणि संडास मागच्या अंगणात. वडील बसवर. मिमी मावशी तर सदाशिव पेठेत खपून गेली असती. गिटार घरात वाजवायची नाही, पुढच्या पोर्चमध्ये वाजव. आणि गिटार ठीक आहे रे, पण त्यावर पोट नाही भरायचं. पण पोर्च होता, हे लक्षात घ्या. हाकलायलाही घराला पोर्च लागतो.

माझ्या भाच्याच्या बँडचा ड्रमर प्रभात रोडच्या गल्लीत, बंगल्यात राहायचा. त्याच्यापेक्षा चांगला ड्रम वाजवणारा पोरगा त्यांच्याच कॉलेजात होता, पण तो बिबवेवाडीला तिसऱ्या मजल्यावर. वरती आजी-आजोबा, खाली दहावीची मुलगी. पहिल्या रविवारीच सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया सर्वांनी नोंद घ्यावी’ असा मेसेज पडला असता. (तक्रारी ढोल-ताशाच्या सरावाविरुद्धही होतात, पण तिथे निदान बाप्पाचा वशिला असतो.) तो मुलगा मग बेस गिटार वाजवायला लागला. बेस हेडफोन लावून वाजवता येतो. बंगल्यातल्या गॅरेजमधून आजोबांची जुनी फियाट बाहेर चिंचेखाली आली, भिंतींवर अंड्यांचे ट्रे आणि फाटक्या गाद्या ठोकल्या गेल्या, आणि दर तासाला आतून पोहे. अशा गॅरेजात गाणी आपोआप लांबतात. आठ मिनिटांच्या एका गाण्यात साडेतीन मिनिटं नुसता सोलो होता. थांबा म्हणणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट वर्षांची. ब्रिटनमध्ये १९६२च्या कायद्यानंतर उच्च शिक्षणाला गेलेल्या पोरांना सरकारी अनुदान मिळायला लागलं. आर्ट कॉलेजांमधून तर रॉकवाल्यांची रांगच लागलेली. ‘द हू’चा टाउनशेंड इलिंगच्या कॉलेजचा, रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी, तोही इलिंगचाच. त्याचे वडील झांझिबारला सरकारी कॅशियर. १९६४च्या क्रांतीनंतर सगळं सोडून इंग्लंडला आले, आणि बोर्डिंगमध्ये पियानो शिकलेल्या मुलाने सुटीत हीथ्रोवर पडेल ते काम केलं.

आपल्याकडे आर्ट कॉलेजचं हे काम इंजिनिअरिंग कॉलेज करतं. पुण्यातले निम्मे गिटारवाले मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरचे. फरक असा, की इथे अनुदान नसतं, शैक्षणिक कर्ज असतं. त्यामुळे बँड फुटायला भांडण लागत नाही, जॉइनिंग लेटर पुरतं. भाच्याच्या बँडमधून पहिला गेला तो बेसवालाच. हिंजवडी, रात्रपाळी, हप्ता. ड्रमर अजून ‘एक वर्ष बघतो’ म्हणतोय, आणि त्याला ते वर्ष आहे.

याचं एक उलटं टोकही आहे. पंक, म्हणजे कष्टकरी पोरांचा राग मांडणारा रॉक, आलं तेव्हा क्लॅश या पंक बँडचा गायक होता ‘जो स्ट्रमर’ नावाचा, तुर्कस्तानात अंकाराला जन्मलेला, परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याचा बोर्डिंगमधला मुलगा. त्याला ते मिरवायची सोय नव्हती. सरकारी घरांच्या टॉवरमध्ये आजीकडे राहणारा मिक जोन्स त्याच बँडात होता. बड्या घरचं असणं काही वेळा अडचणीचं होतं, हे ऐकून आमच्या ड्रमरला फार बरं वाटलं.

त्याचा बंगला या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेला. गॅरेजसकट. आता कर्वेनगरच्या एका जॅम रूममध्ये तासावर पैसे मोजून सराव चालतो. उशीर झाला की मालक दारावर टकटक करतो. आठ मिनिटांचं ते गाणं चार मिनिटांवर आलंय, सोलो जेमतेम वीस सेकंद. गाणं सुधारलंय असं माझं स्पष्ट मत आहे, आणि भाच्याने ते विचारलेलं नाही.