शांबोंच्या पठारावर

सेंतेत्येनहून निघालेली बस वळणं घेत चढत राहते आणि समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर ल शांबों-सुर-लिन्यों येतं. दगडी घरं, पाइनची झाडं, लहानशी नदी. फ्रान्समधल्या या आडगावाने आणि भोवतालच्या वाड्यांनी दुसऱ्या महायुद्धात हजारो निर्वासितांना आसरा दिला. त्यातले बरेचसे ज्यू होते. कुणी सांगितल्याशिवाय याचा पत्ताही लागत नाही.

मी आधी प्रॉटेस्टंट चर्चकडे गेले. दारावर फ्रेंचमध्ये कोरलंय, ‘एकमेकांवर प्रेम करा’. गोव्यातल्या सोनेरी वेदींची सवय असलेल्या डोळ्यांना हे चर्च अगदीच ओकंबोकं वाटतं. फ्रान्सने हिटलरशी युद्धबंदीचा करार केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जून १९४० ला, पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस यांनी आपल्या मंडळींना सांगितलं, की सक्ती झाली तर आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करायचा. ऐकणारे बहुतेक ह्युगेनोंचे, म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या प्रॉटेस्टंटांचे वंशज. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने यांच्या पूर्वजांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा ते रानात लपूनछपून प्रार्थना करत. राजाज्ञेविरुद्ध वागणं या घरांना नवं नव्हतं. मला तर प्रवचनापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचे युवक खात्याचे प्रमुख लामिरां इथे आले, तेव्हा शाळकरी मुलांनी पॅरिसमधल्या ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करणारं पत्र त्यांच्या हातात दिलं. पुढे ज्यूंची यादी मागितली गेली. त्रोक्मेंनी साफ नकार दिला: ज्यू कोण ते आम्हाला ठाऊक नाही, आम्ही फक्त माणसं ओळखतो. नंतर पोलीस बस घेऊन आले आणि जवळजवळ रिकाम्याच परत घेऊन गेले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये त्रोक्मेंनाच अटक करायला पोलीस घरी आले. त्यांची बायको माग्दा हिने पोलिसांनाही जेवायला बसवलं. लोकांनी नंतर तिच्या क्षमाशीलतेचं कौतुक केलं, तर ती वैतागली. जेवणाची वेळ होती, एवढंच तिचं म्हणणं.

चर्चसमोरच २०१३ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे. तिथे मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती दानिएल त्रोक्मेपाशी. हा आंद्रेंचा नातलग ‘मेझों दे रोश’ हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह बघायचा. २९ जून १९४३ ला गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची धाड पडली तेव्हा तो तिथे नव्हता. पळून जाणं सहज शक्य होतं. तो मुलांकडे गेला, पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेक छळछावणीत मेला.

१९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यूंच्या नरसंहाराची स्मृती जपणाऱ्या संस्थेने अख्ख्या पंचक्रोशीचा गौरव केला. ते बरं झालं. पाद्र्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. पण वाड्यावाड्यांतल्या ज्या बायका दार उघडून अनोळखी पोरांना आत घेत होत्या आणि त्यांच्यासाठी चुलीवर जास्तीचं सूप शिजवत होत्या, त्यांच्याशिवाय यातलं काहीच जमलं नसतं.