रॉजर्स पासचं विंटर परमिट काढलं, त्याचा अनुभव

गेल्या दिवाळीला जुळे सोलापूरला घरी आलो होतो, आणि डिसेंबरात कॅल्गरीच्या मित्रांबरोबर रॉजर्स पासला, म्हणजे कॅनडातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या डोंगरखिंडीत, स्की टुरिंगला (पायाला स्की लावून बर्फाचा डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचा) जायचं ठरलेलं, म्हणून तिथलं विंटर परमिट इथूनच काढायला बसलो. वाटलं नाव टाकायचं, परमिट घ्यायचं, झालं. तसं नाहीये. आधी माहिती वाचायची, नकाशे बघायचे, मग ऑनलाईन प्रश्न सोडवायचे, तेव्हा सीझनचं परमिट मिळतं.

अण्णा शेजारी शेंगा फोडत बसलेले, म्हणाले बर्फात फिरायला परवाना कशाला रे? मी सांगितलं, त्या खिंडीतून ट्रान्स-कॅनडा हायवे जातो, 1962 पासून, आणि वरच्या उतारांवर बर्फ साचला की तो अचानक गाड्यांवर येऊ नये म्हणून रस्ता बंद करून, रस्त्याकडेला 105 मिमीच्या तोफा लावून सैनिक गोळे मारतात आणि बर्फ मुद्दाम खाली पाडतात. अण्णा लगेच, "म्हणजे विहिरीच्या सुरुंगासारखंच की! बार उडवायच्या आधी दोन्हीकडं माणूस उभा करायचा, गुरं-पोरं लांब गेल्याशिवाय वात पेटवायची नाही." मोहोळकडच्या आमच्या विहिरीला काळा पाषाण लागला तेव्हा त्यांनी स्वतः रस्ता अडवलेला.

पण विहिरीजवळ निदान चारी बाजूला नजर जाते. तिथं वादळात, रात्रीबेरात्रीही मारा चालतो, उतार दिसतच नाही. वर कोणी नाही याची खात्री एकाच गोष्टीनं होते, ती म्हणजे बंद भागात कोणी शिरलेलंच नाही. हे डोक्यात बसलं आणि मग नियमांचा राग गेला.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला नकाशाला. काही भाग पूर्ण हिवाळा बंद, काही भाग तोफांच्या कामाप्रमाणे रोज उघडे किंवा बंद, त्यांनाच हे परमिट लागतं, आणि काही भागांना परमिटच लागत नाही. मी इथंच चुकलो. परमिट न लागणारा भाग म्हणजे कधीही जा, असं धरलं, पण तिथं जायची वाट बंद भागातून जात असेल तर त्या दिवशी तिकडंही जाता येत नाही! परत पहिल्यापासून नकाशा घेऊन बसलो, अण्णांना बोट ठेवून एकेक हद्द दाखवली, मग जमलं. पार्किंगचंही तसंच, गाडी ठरलेल्या जागीच लावायची आणि परमिट काचेमागं दिसलं पाहिजे. उगाच कुठंतरी गाडी उभी दिसली तर मालक वर आहे का हे शोधत बसावं लागतं, तोवर हायवे तुंबलेला.

डिसेंबरात गेलो त्या सकाळी स्टेटस बघितलं, आम्हाला पाहिजे तो हर्मिट भाग बंद. आमच्यातला एक म्हणाला आभाळ मोकळं आहे, तासाभरात जाऊन येऊ. मी सरळ नाही म्हणालो, वाद झाला थोडा, पण ऐकलं त्यानं. याच खिंडीत मार्च 1910 मध्ये रेल्वे रुळावरचं एक हिमस्खलन उपसताना समोरच्या डोंगरावरून दुसरं आलं आणि 58 माणसं गेली, तो डोंगर बघून कोण धोका घेणार?

उघड्या भागात गेलो, छान दिवस झाला. सीझनचं परमिट नसेल तर तिथल्या डिस्कव्हरी सेंटरला, म्हणजे पार्कच्या माहिती केंद्रात, एका दिवसाचं मिळतं. आणि न फुटलेला गोळा दिसला तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, लांब व्हा आणि पार्कवाल्यांना कळवा.