एका सहीसाठी अकरा आठवडे

जर्मनीतल्या लाइपझिगला एक्स्चेंजवर एक सत्र शिकून परत येऊन दोन महिने होत आले. कॉलेजमधली ज्युनिअर मुलं भेटली की विचारतात, व्हिसा कसा मिळाला, पैसे किती लागले, जर्मन येत नसताना निभावलं कसं? सगळं सांगते. पण माझ्या डोक्यातून अजून जात नाही तो आमच्याच कॉलेजचा परीक्षा विभाग. जर्मनीच्या व्हिसाला जेवढे दिवस लागले, त्याहून जास्त दिवस मी तिथल्या एका टेबलासमोर उभी होते. तिकडचे विषय आपल्या कॉलेजने धरावेत म्हणून ७ एप्रिलला अर्ज दिला, २३ जूनला सही मिळाली. ते आधी सांगते, कारण पुढच्या मुलामुलींचा वेळ वाचला तर तिथेच वाचेल.

मी पुण्यात चित्रकला शिकते, तिसरं वर्ष. दुसऱ्या वर्षी मुद्राचित्रण, म्हणजे प्रिंटमेकिंग, शिकताना लिथोग्राफी (दगडावरून चित्र छापणं) पहिल्यांदा हातात आली आणि मी तिथेच अडकले. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, डिंक आणि आम्लाचं पाणी फिरवायचं, मग ओल्या दगडावरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेषेला धरते. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढ्यावर सगळं उभं आहे. आमच्याकडचे दगड घासून घासून पातळ झालेले, प्रेसचा दाब एका बाजूला कमी. माझं पहिलं चित्र उजव्या कडेला फिकटच उमटलं.

पुण्यात ही कला नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये इथे चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची शिळाछापाची चित्रं घरोघरी गेली. लोणावळा लोकलने जाताना मळवली स्टेशन लागतं ना, तिथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता आणि तो पुढे चालवला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने. माझ्या आजीच्या देवघरात अशाच जुन्या छापाची लक्ष्मी आहे, लहानपणापासून पाहिलेली. आणि मूळ शोध म्युनिकमधल्या आलोइस झेनेफेल्डरचा, १७९६ च्या सुमाराचा. लिथोचा उत्तम चुनखडी दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा. त्यामुळे मला नुसतं परदेशात जायचं नव्हतं, हा दगड जिथे नीट वापरला जातो तिथे जायचं होतं. लाइपझिगची कला अकादमी १७६४ पासूनची आहे, नावातच ग्राफिक आणि ग्रंथकला आहे, आणि तिथे लिथोची चालती कार्यशाळा आहे.

एक्स्चेंज म्हणजे आपल्या कॉलेजची फी इथेच भरायची, तिकडे शिकवणी शुल्क द्यायचं नाही, फक्त सत्राचं ठरावीक अंशदान भरायचं. विभागाने माझं नाव पाठवलं, पोर्टफोलिओ केला, हेतुपत्र लिहिलं. हे सगळं पंधरा दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आलं लर्निंग ॲग्रीमेंट. दोन-तीन पानांचा कागद. मी तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट किती, आणि परत आल्यावर माझं कॉलेज ते कशाच्या बदल्यात धरणार, हे त्यात लिहायचं. सह्या तीन: माझी, त्यांची, आपल्या कॉलेजची. हा करार झाला नाही तर परत आल्यावर सहा महिने वाया गेले असंच समजा, कारण मार्कशीटवर त्या सत्राची जागा रिकामी राहते. लाइपझिगच्या समन्वयक बाईंनी स्पष्ट कळवलं होतं की तीन सह्यांचा कागद आला की प्रवेशपत्र निघेल. आणि प्रवेशपत्राशिवाय व्हिसाचा अर्ज नाही.

पहिल्या दिवशी टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "हा फॉर्म आपला नाही. आपल्या नमुन्यात आणा." आपला नमुना कुठे मिळेल, विचारलं. तसा नमुना नव्हताच. मी विभागप्रमुख सरांकडून पत्र आणलं. तेव्हा म्हणाल्या, "लिथोग्राफी नावाचा पेपर आपल्याकडे नाही. नसलेल्या पेपरचे क्रेडिट टाकणार कुठे?" मी म्हटलं, आपल्याकडे मुद्राचित्रण आहे, लिथोग्राफी त्यातच येते. "तसं सिलॅबसमध्ये लिहिलंय का?" लिहिलं होतं, पण घटकाच्या आतल्या ओळीत, आणि ती ओळ बघायला त्यांना त्या दिवशी वेळ नव्हता. खरंच नव्हता. मागे हॉल तिकिटांची रांग होती, ती मला दिसत होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कळलं की फाईल वर गेली आहे. वर विचारलं तर खाली आहे. तीन दिवस मी जिना चढत-उतरत होते. शेवटी कागद सापडलाच नाही, आणि मी अर्ज दिला होता याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता. इथे थांबून सांगते: कुठलाही कागद द्याल तेव्हा त्याची झेरॉक्स सोबत न्या, आवक विभागात शिक्का मारून घ्या, आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. पोच नसेल तर तुम्ही तो कागद दिलेलाच नाही. दुसरा अर्ज मी आवक क्रमांकासह दिला, पण तीन आठवडे गेले ते गेलेच.

मे महिन्यात परीक्षा. मग सही करणारे साहेब रजेवर. मग कुणीतरी म्हणालं, हा विषय अभ्यास मंडळासमोर ठेवावा लागेल, बैठक जुलैत आहे. जुलै! लाइपझिगहून दर सोमवारी मेल येत होता, अतिशय सौजन्याने लिहिलेला, काही अडचण आहे का विचारणारा. काय उत्तर देणार? माझ्या कॉलेजला माझा विषय ओळखता येत नाही, असं? बाबा म्हणाले, मी येऊन बोलू का? नको म्हटलं. एकवीस वर्षांची आहे मी, माझ्या अभ्यासाबद्दल माझ्या कॉलेजशी मलाच बोलता यायला हवं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा आईला म्हटलं की राहू दे, नाही जात.

मार्ग दाखवला शिपाई मामांनी. रोज दारात बघत होते मला. एक दिवस म्हणाले, "ताई, साहेबांपुढं नुसता अर्ज ठेवू नका. टिपणी तयार करून न्या. वाचून सही करायला वेळ लागत नाही, लिहून काढायला कुणाला वेळ नाय." इतक्या दिवसांत मला मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला.

घरी येऊन मी एका पानाचा तक्ता केला. विषयांची नावं जुळत नाहीत ना, मग तास जुळवले. युरोपात एका सत्राचे ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास काम धरतात, वर्गातलं आणि स्वतःचं मिळून. आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात सत्राचे २० क्रेडिट आणि एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे आपले ६०० तास, त्यांचे कमीत कमी ७५०. मग एकेक ओळ: त्यांच्या वर्गकामाचे १२ क्रेडिट, आपल्या मुख्य चित्रकलेचे ८. लिथो कार्यशाळेचे ८, आपल्या मुद्राचित्रणाचे ५. रेखाटनाचे ५, आपले ४. कलासिद्धान्ताचे ५, आपल्या कला-इतिहासाचे ३. त्यांचे तास २५ च्या हिशोबाने धरले तरी प्रत्येक ओळीत ते आपल्यापेक्षा जास्त. खाली सिलॅबसमधली ती लिथोग्राफीची ओळ, पान क्रमांकासह. त्याखाली तयार टिपणी, मराठीत, चार वाक्यांची: "सबब सदर विद्यार्थिनीस समतुल्य क्रेडिट देण्यास हरकत नसावी." आणि सहीची जागा.

२३ जूनला साहेबांनी तक्ता वाचला, दोन प्रश्न विचारले, सही केली. शिक्का धरून सात मिनिटं. अभ्यास मंडळाचं नाव कुणी काढलं नाही. साहेब म्हणाले, "हे आधीच का नाही आणलंस?" मी तेव्हा काही बोलले नाही. उत्तर इथे देते: सर, कारण असा तक्ता लागतो हे अकरा आठवड्यांत कुणी एकदाही सांगितलं नाही. बाहेर येऊन मी मामांना पेढे दिले आणि जिन्यात बसून रडले.

पुढचं भराभर. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याला, लोक घाबरतात. वर्षाला ११,९०४ युरो हा आकडा ऐकला की घरचे गप्प होतात. पण एका सत्रासाठी वर्षभराचे लागत नाहीत. महिन्याला ९९२ धरतात, माझे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो. बाबांची मुदत ठेव मोडली, पैसे तिकडे दरमहा आपल्याच खात्यात येतात. व्हिसाचा अर्ज पुण्यातच दिला, मुंबईला जावं लागलं नाही. अपॉइंटमेंट मात्र प्रवेशपत्र हातात येईल त्याच दिवशी शोधायला लागा.

नावाचं सांगायचं राहिलं. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. कॉलेजने नामांकन त्याच क्रमाने पाठवलं, आणि तिकडे बाबांचं नाव माझं आडनाव झालं. प्रवेशपत्र तसंच आलं. एका मेलने दोन दिवसांत दुरुस्त झालं, पण व्हिसाच्या टेबलावर लक्षात आलं असतं तर? पहिल्या मेलपासून पासपोर्टवर जसं आहे तसंच, आडनाव वेगळं आणि नाव वेगळं, लिहून द्या.

तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याशिवाय पुढचं बरंच काही अडतं, म्हणून घरमालकाच्या सहीचा कागद पहिल्याच दिवशी मागा. रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरो वर्गणी घरामागे एकच असते. खोल्या वाटून राहत असाल तर कुणाच्या नावावर आहे ते विचारा, मी एक महिना उगाच वेगळी भरली.

आणि लिथोची कार्यशाळा. मांडणीवर दगड उभे, पिवळे आणि करडे. करडा जास्त कठीण, बारीक काम त्यावर. पहिला आठवडा मी फक्त दगडावर दगड ठेवून वाळूने घासत होते, दाणा एकसारखा येईपर्यंत. कार्यशाळेचे प्रमुख बोलायचे जर्मनमध्ये, मला समजायचं त्यांच्या हातांवरून. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तर मी देवनागरी उलटी लिहायला शिकले. शिरोरेषा तेवढी सरळच राहते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडायचा, तेव्हा आम्ही दिव्याखाली शाई लावत असायचो आणि मला घरची आठवण यायची, पण परत जावंसं एकदाही वाटलं नाही. फेब्रुवारीत तिथे रुंडगांग असतो, सगळी अकादमी लोकांना उघडी. आजीच्या देवघराचं माझं तीन रंगांतलं चित्र भिंतीवर लागलं. चारही कडांना सारखं उमटलेलं.

पोर्टफोलिओबद्दल एक. मी चाळीस कामं पाठवणार होते, सरांनी पंधरावर आणली. आणि स्केचबुकची पानंही घातली. तिकडच्या प्राध्यापकांनी पहिल्या भेटीत विचारलं ते त्या पानांबद्दलच.

परत आल्यावर तिकडचं गुणपत्रक त्याच टेबलावर दिलं, सोबत आवक शिक्क्याची जुनी टिपणी जोडून. तीन आठवड्यांत २० क्रेडिट माझ्या मार्कशीटवर आले. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि विचारलं की या वर्षी आणखी दोन मुलं जाताहेत, तो तक्ता मिळेल का. दिला. त्याची एक प्रत चित्रकला विभागातल्या लोखंडी कपाटात आहे, डाव्या दाराच्या वरच्या खणात, निळ्या फाईलमध्ये. टिपणीत नाव आणि तारखेची जागा कोरी ठेवली आहे.