टोकाय: गोड वाइनच्या गावात दोन दिवस

हंगेरीत, बुडापेस्टच्या केलेती स्टेशनावरून टोकायला आगगाडीनं अडीच-तीन तास लागतात. ऑक्टोबरअखेरीस गेलो, ते बरं झालं. तिसा आणि बोद्रोग या नद्यांचा इथे संगम आहे. सकाळी पाण्यावरचं धुकं मळ्यांवर चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. पाणी उडतं, मणी मनुक्यासारखा आक्रसतो. आपल्याकडे नाशिकचा बागाईतदार बुरशी दिसली की फवारणीला धावतो. इथले लोक तिची वाट बघत बसतात! असे सुकलेले मणी हातानं एकेक वेचायचे. त्यांना म्हणतात 'ऑसू', आणि त्यांची वाइनही ऑसूच.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. आलोच आहोत तर सगळ्यात भारी घेऊ, म्हणून थेट सहा पुत्तोन्योश ऑसूचा पेला मागवला (आकडा मोठा, तितकी गोडी जास्त). त्यानंतरची प्रत्येक वाइन आंबट पाणी लागली. तेव्हा सुरुवात कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या फुर्मिंटनं करा (फुर्मिंट हे इथलं पांढरं द्राक्ष), मग सामोरोद्नी (सुकलेले मणी न वेचता अख्ख्या घडांची वाइन), शेवटी ऑसू. आणि थुंकायला लाजू नका, भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं.

'पुत्तोन्य' म्हणजे वेचणीची पाटी, साधारण 25 किलोंची; त्यावरून पुत्तोन्योश. 136 लिटरच्या पिंपाला अशा किती पाट्या ऑसू पडला, तो पूर्वीचा आकडा. आता हिशेब साखरेचा: 2013 च्या नियमांपासून ऑसूत लिटरला किमान 120 ग्रॅम साखर हवी.

एवढी साखर म्हणजे पाकच की, असं मलाही वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सावकाश घोट घेतला आणि आजीच्या बरणीतलं उपासाचं लिंबाचं लोणचं आठवलं, दोन वर्षं मुरून काळपट झालेलं. आधी गोड, लगेच मागून आंबट, आणि तोंड पुन्हा स्वच्छ. हा आंबटपणा फुर्मिंटचा. तो नसेल तर दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. एसेन्सिया मात्र चमच्यानंच देतात: ऑसूच्या ढिगातून आपसूक ठिबकलेला रस, लिटरला 450 ग्रॅमच्या वर साखर. एक चमचा पुरे, खिशालाही.

तळघरांत बारा महिने 10-12 अंश थंडी, भिंतींवर काळ्या बुरशीची मऊ गोधडी. स्वेटर न्या. गाडी भाड्यानं घेणार असाल तर चालवणारा कोरडा राहिला पाहिजे. हंगेरीत दारूचा थेंबही चालत नाही. मादसारख्या गावातल्या छोट्या तळघरांना आधी कळवून जा. मी न कळवता गेलो आणि एका बंद दारासमोर तासभर सफरचंद खात बसलो.

बाटली बहुतेक अर्ध्या लिटरची. भारतात विनाशुल्क दोन लिटर आणता येतात, म्हणजे चार. मोजे गुंडाळून चेक-इन बॅगेत. घरी श्रीखंडाबरोबर उघडू नका, आम्ही ते करून बसलोय. निळ्या बुरशीचं खारट चीज आणा.